साहेब, माझ्या आईची मराठी खिडकीवर चालेल का?

मा. मराठी भाषा मंत्री, मंत्रालय, मुंबई

नमस्कार साहेब,

मी वेसाव्याची, कोळ्याची मुलगी. मागच्या महिन्यात आईला घेऊन उत्पन्नाच्या दाखल्यासाठी एका सरकारी ऑफिसात गेले होते. आई 62 वर्षांची, उभं आयुष्य मासळी विकण्यात गेलं, दहा गिऱ्हाइकांचा हिशोब तोंडी करते. तिथे फॉर्मवर काय लिहिलेलं, तर 'विहित नमुन्यातील स्वयंघोषणापत्र व सहपत्रांच्या स्वसाक्षांकित प्रती सादर कराव्यात'. आईने विचारलं, "माना समजला नाय, काय काय आनू?" तर मॅडम म्हणाल्या आधी नीट मराठी बोला, 'आनू' नाही 'आणू'. लाइनीत मागे दोघं हसले. बंदरावर लिलावात कोणाला ऐकत नाही ती माझी आई, पदराचं टोक चाळवत गप्प उभी राहिली. मग मीच पुढे होऊन शाळेतल्या मराठीत विचारलं, "मॅडम, अर्जात नेमकी त्रुटी काय आहे?" आणि पाच मिनटांत काम झालं. कागद तेच होते हो!

1964 चा राजभाषा कायदा आहे, महापालिकांसारख्या स्थानिक संस्थांसाठी 2022 ला वेगळा कायदा झाला, 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्हालापण खूप आनंद झाला. पण ह्यातली मराठी कोणाची? ह्या शहराला नाव मिळालं ते मुंबादेवीवरून, ती कोळ्यांची देवी, आणि त्याच कोळ्यांची बोली खिडकीवर अशुद्ध ठरते. अहिराणी, वऱ्हाडी बोलणारी पोरं इथे शिकायला येतात आणि पहिल्या महिन्यातच आपली बोली लपवायला लागतात, मी कॉलेजात बघितलंय. हायकोर्टात इंग्रजी चालते, तिथे आम्ही बाहेर राहतो हे एकवेळ समजू शकते, पण मराठीच्याच ऑफिसात मराठी बाई बाहेर? बाहेर एजंट बसलेत ते ह्या असल्या शब्दांमुळेच.

म्हणून मागणी एवढीच, कुठलाही फॉर्म छापायच्या आधी एखाद्या कोळीवाड्यात, चाळीत मोठ्याने वाचून दाखवा, माणूस जिथे अडकेल तो शब्द बदला. 'स्वसाक्षांकित' नको, 'झेरॉक्सवर तुमची सही करा' लिहा. आणि खिडकीवर कोणाची भाषा सुधारायची नाही असा लेखी आदेश काढा, प्लीज.

रिक्षात आई म्हणाली, "तू पन त्या बाईसारकीच बोललीस." मला उत्तर देता आलं नाही. दाखला परत काढायची वेळ आली की तूच जा म्हणते, ती येणार नाही.

आपली,
वेसाव्याची एक कोळीण