मोजणीत न धरलेली वर्षे

पुणे

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला तो बाइंडिंगवाल्याकडच्या खेपांमुळे आणि तोंडी परीक्षेच्या धास्तीमुळे. सहा सत्रांत ७५ टक्क्यांच्या वर गुण मिळवून तूही आता चौथ्या वर्षाला संशोधनासह ऑनर्स घेतो आहेस आणि १२ श्रेयांकांच्या लघुप्रबंधाला सुरुवात कुठून करायची, असे विचारतोस. माझे जसे झाले तसे लिहितो.

माझ्या पहिल्या आराखड्याचे नाव 'ग्रामीण युवक आणि स्पर्धा परीक्षा' असे भारदस्त होते. मार्गदर्शक बाईंनी तो वाचून एवढेच विचारले, "यातला कोणता युवक, आणि सकाळी नऊ वाजता तो कुठे बसलेला असतो?" मला उत्तर देता आले नाही. म्हणून सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेची महिन्याची फी भरली आणि तिथेच जाऊन बसलो. प्रत्येक खुर्चीसमोर प्लायवूडचा आडोसा, त्यावर चिकटवलेले वेळापत्रक आणि जेवायला जाताना जागा धरण्यासाठी ठेवलेली पाण्याची बाटली. बाटली असेल तर त्या जागेला कोणी हात लावत नाही, नुसती वही असेल तर तासाभराने ती बाजूला सारता येते. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण पाळत सगळे होते. असले नियम मी आठ दिवस हौसेने टिपले, आणि प्रश्न मात्र अजून सापडला नव्हता.

साहित्याच्या आढाव्यात फार दिवस घालवू नकोस, कारण ती पळवाट असते. गोखले संस्थेसाठी धनंजयराव गाडगीळांनी केलेली पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी मी चार दिवस वाचत बसलो आणि प्रबंधात तिच्यावर जेमतेम अर्धा परिच्छेद आला. खरा उपयोग झाला तो क्रेग जेफ्री यांनी मेरठच्या सुशिक्षित बेरोजगार तरुणांवर केलेल्या कामाचा. तिथली मुले नाक्यावर, चहाच्या टपरीवर वाट पाहतात. माझ्यासमोरची मुले तेच वाट पाहणे बारा-बारा तासांच्या वेळापत्रकात घट्ट बसवून होती. हा फरक लक्षात आला आणि कामाला दिशा मिळाली.

मुलाखतींच्या वेळी पहिला अडसर आला तो संमतीपत्राचा. गप्पा मारायला सगळे तयार, पण कागदावर सही म्हटली की हात आखडायचा. एक जण स्पष्टच म्हणाला, "घरी वाटतंय मी पार्टटाइम नोकरी करतोय." शेवटी बाईंच्या संमतीने तोंडी होकार ध्वनिमुद्रित करायचे ठरले. नावे बदलणे पुरेसे नसते, हेही तेव्हाच कळले. तालुका, जात आणि पद एवढे जरी लिहिले तरी अभ्यासिकेतला कोणीही माणूस ओळखेल, म्हणून मी तालुके गाळून टाकले.

एकूण १४ मुलाखती झाल्या. प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच, अगदी साधा : किती वर्षे तयारी करतो आहेस? उत्तरांची बेरीज मात्र जुळेना. पदवीचे वर्ष आणि वय विचारले की सहा वर्षे निघायची आणि तोंडी उत्तर 'तीन' असायचे. कोविडमध्ये परीक्षा पुढे ढकलल्या गेल्या, ते वर्ष धरायचे नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक होणार म्हटल्यावर 'जुन्या पॅटर्नची' वर्षे वेगळी काढायची. बहिणीच्या लग्नात गेलेले वर्ष तर कोणीच मोजत नाही. आधी मला ही माहितीतली चूक वाटली आणि मी तक्ता दुरुस्त करत बसलो. पुढे उमगले की ही चूकच माझा विषय आहे, आणि सारे दुसरे प्रकरण त्या मोजणीवर उभे राहिले.

एक सूचना मात्र आग्रहाने करतो. फोन पाण्यात पडून माझ्या दोन मुलाखती गेल्या, त्यामुळे रोजच्या रोज दुसरीकडे प्रत ठेव. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांची टिपणे १९७० मध्ये स्टॅनफर्डला आगीत जळाली आणि तरीही त्यांनी आठवणींवरून पुस्तक लिहिले. पण आपली आठवण त्यांच्याइतकी खात्रीची नाही.

लेखनाबद्दल विशेष सांगण्यासारखे नाही. रोज दीड पान, आणि त्यातले निम्मे खोडणे.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारले, "तुम्ही स्वतः कधी तयारी केली आहे का?" मी ठामपणे 'नाही' म्हणालो. जिना उतरताना आठवले की बारावीनंतर मी पोलीस भरतीचा अर्ज भरला होता, दोन महिने पहाटे धावलोही होतो आणि मैदानी चाचणीला गेलोच नव्हतो.

तुझा,
समीर