शाफ्टवरच्या अक्षरासाठी हट्ट धरू नकोस

प्रिय सुहास,

तुझं पत्र वाचून हसूच आलं. गोल्फचा ड्रायव्हर (सगळ्यात लांब फटक्यांचा क्लब) कोणता घ्यायचा ते अजून ठरलेलं नाही, पण शाफ्ट, म्हणजे क्लबची दांडी, मात्र 'स्टिफ' म्हणजे कडकच हवा! 'रेग्युलर', म्हणजे त्याहून मऊ, घेतला तर कमीपणा वाटतो म्हणे. अरे, शाफ्टवर काय छापलंय ते चेंडूला वाचता येत नाही.

त्यात या अक्षरांना कसलंही ठरलेलं माप नाही. एका कंपनीचा 'आर' (रेग्युलर) दुसरीच्या 'एस'इतका (स्टिफ) कडक निघू शकतो. ड्रायव्हरचा वेग ताशी ८५ ते ९५ मैल असेल तर रेग्युलर, ९५ ते १०५ असेल तर स्टिफ, हा ढोबळ हिशेब. सुरुवात करायला ठीक आहे, पण निर्णय त्यावर सोडू नये.

वेगापेक्षा मी आधी बघतो ते बॅकस्विंग (क्लब मागे-वर नेणं) संपून क्लब खाली वळतो तो क्षण. दोघांचा वेग सारखाच असला, तरी एकजण वरून झटका मारतो, दुसरा सावकाश वळतो. झटकेवाल्याचा शाफ्ट जास्त वाकतो, त्याला सहसा कडक शाफ्ट मानवतो. तू वर जाऊन क्षणभर थांबतोस आणि मग निवांत खाली येतोस. तुला 'एस' कशाला हवा?

चेंडू आणि क्लबचा स्पर्श जेमतेम अर्धा मिलिसेकंद टिकतो. तोवर शाफ्टचं काम जवळजवळ उरकलेलं असतं. आघाताच्या वेळी शाफ्ट किंचित पुढे वाकलेला असतो आणि त्यामुळे लॉफ्ट (क्लबच्या तोंडाचा वरच्या दिशेचा कल) थोडा वाढतो. म्हणून फार मऊ शाफ्टने उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू बहुधा उंच आणि डावीकडे जातो, फार कडक शाफ्टने खाली आणि उजवीकडे. 'बहुधा' म्हणतोय हं. तुझा स्लाइस (चेंडू उजवीकडे वळत जाणं) मुळात क्लबफेस, म्हणजे क्लबचं तोंड, उघडा राहिल्यामुळे आहे, त्याचं खापर शाफ्टवर फोडू नकोस.

माझं ऐकशील तर आधी वजन ठरव. ड्रायव्हरचे ग्राफाइट शाफ्ट साधारण ४० ते ८० ग्रॅमचे मिळतात, आणि हा फरक हाताला कडकपणाच्या आधी कळतो. फार हलका असेल तर क्लबहेड कुठे आहे याचा अंदाज सुटतो, फार जड असेल तर शेवटच्या होल्सपर्यंत हात उतरतात. टॉर्क (शाफ्ट किती पिळतो) आणि किक पॉइंट (तो सगळ्यात जास्त कुठे वाकतो) यांच्या चर्चेत सध्या पडू नकोस, त्यांचा परिणाम दुकानदार सांगतो त्याहून लहान असतो.

लांबीचं मात्र बघ. नियमाने पटर (चेंडू होलमध्ये ढकलायचा क्लब) सोडून कुठलाही क्लब ४८ इंचांपर्यंत चालतो (२०२२ पासून काही स्पर्धांत ४६ इंचांचीच मर्यादा लावता येते). पण लांब क्लबने फटका मधोमध बसणं अवघड. विकत घेण्याआधी ग्रिप इंचभर खाली धरून खेळून बघ.

चाचणी घेताना हेड तेच ठेव, फक्त शाफ्ट बदल. अंग गरम झाल्यावरच सुरू कर आणि कुणाला तरी अक्षरांवर टेप चिकटवायला सांग. प्रत्येक शाफ्टने दहा-दहा चेंडू मार. सगळ्यात लांब गेलेला चेंडू मनातून काढून टाक, बाकीचे किती पसरले ते बघ.

आकडे लगेच पाठव, विशेषतः डावी-उजवीकडचा पसारा. अंतर नाही कळवलंस तरी चालेल, ते तू फोनवर सांगशीलच.

तुझा,
अविनाश