वाजणाऱ्या बाणाबद्दल, बाबल्यास

मालवण
गणपती जाऊन आठ दिवस झाले

प्रिय बाबल्या,

तिकडे अमेरिकेत, मिशिगनला, हरणाच्या शिकारीचा तुझा बाण हलवला की टोकाशी वाजतो, त्याचं तू पाठवलेलं रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. पहिल्यांदा गॅरेजात, शेजारी बोटीचं इंजिन धडधडत असताना. त्यात काय कपाळ ऐकू येणार! मग रात्री जेवून पडवीत बसलो आणि फोन कानाला लावला. मागे तुझा पंखा घरघरतोय, आणि त्यातून बारीक टिकटिक. बायकोनं विचारलं, "कोणाच्या बांगड्या वाजतायत?" म्हटलं, मिशिगनच्या.

आणि वर तू लिहितोस, "मी आणखी आवळून बघितलं, तरी वाजतंच." मेल्या, सातवीत सायकलचं हँडल आवळता आवळता बोल्टाचे आटे मारलेस, तेव्हापासून तू तसाच. आमचे बाबा इंजिनाला हात लावण्याआधी म्हणायचे, "आदी कान लाव, मगे पानो धर." आवाज कुठून येतो ते कळल्याशिवाय आवळण्यात अर्थ नाही.

मे महिन्यात तू माळ्यावर ठेवून गेलास ते चार कार्बनचे बाण मी खाली काढले. (चार होते. तीन उरलेत, ते पुढे सांगतो.) टोक फिरवून काढलं, आटे मोजले. इंचाला ३२, आणि जाडी ४ मि.मी.हून जराशी जास्त. एवढ्याशा आट्यांवर तुझं ते वस्तऱ्यासारखं पातं टिकून असतं. बाण सुटताना काडी सापासारखी वळवळते, त्या थरथरीत आटे ढिले होणारच. आमच्या ट्रॉलरच्या इंजिनाचे नटबोल्ट हंगामात दोनदा तपासावे लागतात, ते याच कारणानं.

आता तुझी टिकटिक. ती तीनच ठिकाणी असू शकते: टोकाची पाती, टोकाचे आटे, नाहीतर काडीचं आतलं तोंड. ब्रॉडहेड, म्हणजे ते पात्यांचं शिकारीचं टोक, काढ आणि त्याच वजनाचं सरावाचं साधं टोक बसव. तुझं १०० ग्रेनचं असेल तर हेही १०० ग्रेनचंच, म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम. हलव. आवाज गेला, तर काडी निर्दोष, खोट ब्रॉडहेडमध्ये. राहिला, तर काडीच्या आत.

ब्रॉडहेडमध्ये असेल तर पाती बघ. बदलायच्या पात्यांच्या बऱ्याच टोकांत पात्यांची मागची बाजू एका बारीक वायसरखाली दाबलेली असते. पाती बदलताना तो वायसर खाली पडून हरवला, की टोक कितीही आवळ, पाती आपली खुळखुळतच राहणार. मला तुझ्याबाबतीत हाच संशय आहे, कारण तू म्हणालास की गेल्या महिन्यातच पाती बदललीस. गॅरेजचा केर काढण्याआधी खाली शोध. लागल्यावर उघडणाऱ्या पात्यांचं टोक असेल तर त्यावरचं रबर नाहीतर प्लॅस्टिकची कडी वाळून चिरली असेल. ती बदलायची, दोरा गुंडाळायचा नाही.

पाती घट्ट आणि टोकच सैल होत असेल, तर आट्यांवर मेणाचा हात फिरव; धनुष्याच्या दोरीला लावतोस तेच चालेल. नाहीतर टोक आणि काडी यांच्या मधे बारीक ओ-रिंग, म्हणजे रबराची कडी, घाल, पण अगदी पातळ. जाड घातलीस तर टोक तिरकं बसेल आणि बाण भलतीकडे जाईल. नळाची पांढरी टेपही चालते, एकच वेढा, आवळायच्या दिशेनं. थ्रेडलॉकर, म्हणजे आटे धरून ठेवणारा गोंद, लावायचाच तर हलका, जांभळा. लाल लावू नकोस. लाल सोडवायला ताव द्यावा लागतो, आणि ताव म्हटला की माझा चौथा बाण आठवतो.

त्याचं असं झालं. तिसरं ठिकाण म्हणजे इन्सर्ट, काडीच्या तोंडात चिकटवलेली आटेवाली नळी. तुझ्या एका बाणाची ती सुटली होती. टोक फिरवलं की नळीसुद्धा फिरे आणि आवळलं जाईच ना. मी म्हटलं, हे तर आपल्या आजीच्या कोयत्यासारखं! मूठ हलायला लागली की लोहार मुठीच्या भोकात लाखेची पूड भरायचा, पात्याचा मुठीत जाणारा निमुळता भाग तापवून आत खुपसायचा, लाख वितळून धरायची. चुरचुर आवाज यायचा आणि अंगणभर तो जळका गोड वास. त्याच तोऱ्यात मी गॅस पेटवला आणि ज्योत थेट काडीवर धरली. कार्बनच्या काडीला धरून ठेवणारा पदार्थ म्हणजे रेझिन, हे मी विसरलो. काडीचं तोंड फुगलं, मऊ पडलं, तंतू सुटले. कोयत्याचं पातं लोखंडाचं, त्याला ज्योत सोसते.

दुसऱ्या बाणाला शहाणपणानं केलं. त्यात जुनं सरावाचं टोक बसवलं आणि पकडीत धरून फक्त टोकाला ताव दिला. थोडा द्यायचा, ओढून बघायचं, पुन्हा थोडा. उष्णता आतून गेली, गोंद सुटला, नळी बाहेर आली. ब्रॉडहेड लावून हे करू नकोस, धार उतरेल आणि बोटंही जातील. हा उपाय फक्त वितळणाऱ्या गोंदाचा. दोन ट्यूबा मिसळून लावायचा एपॉक्सी गोंद असेल तर त्याला फार ताव लागतो, तो बाण सरळ दुकानात ने. मग काडीचं तोंड आतून पॉलिश पेपरनं हलकं घासलं, नळीही घासली, दोन्ही स्पिरिटनं पुसलं, दोन ट्यूबांचा एपॉक्सी लावून फिरवत फिरवत आत घातली आणि एक दिवस हात लावला नाही. नंतर टोक लाकडाच्या फळीवर टेकवून काडी बोटांत भिंगरीसारखी फिरवली. टोक जराही डगमगलं नाही. तुझा बाण डगमगला तर तो पेटीतच ठेव.

आणखी एक. काडी दोन्ही हातांत धरून थोडी वाकव आणि ऐक, पुरी गोल फिरवत. करकर झाली तर मोडून टाक. चिरलेली काडी सुटताना फुटली तर तिच्या सळया हातात घुसतात.

शिकारीबद्दल माझं मत तुला ठाऊक आहे. इथे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ती बंद आहे, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. तुमच्याकडे १ ऑक्टोबरपासून परवानगी आहे, तू आणि तुझी लायसन. पण वाजणारा बाण सोडून हरीण अर्धवट जखमी करशील आणि ते रात्रभर जंगलात तडफडेल, तेवढं करू नकोस. तसं झालं तर पुढच्या मे महिन्यात माझ्या पडवीत जेवायला बसू नकोस.

वायसर सापडला की कळव. नवं रेकॉर्डिंग पाठवशील तेव्हा पंखा बंद कर.

तुझा,
तिसऱ्या बाकावरचा शेजारी