लाइपझिगहून आई-बाबांना

प्रिय आई-बाबा,

फोनवर बोलायचा धीर होईना, म्हणून लिहितेय. जूनमध्ये मी परत येत नाहीये. बरोक चेलो, म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातलं ते मोठं वाद्य तीनशे वर्षांपूर्वीच्या पद्धतीनं वाजवणं, त्याच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला होकार कळवलाय. शिष्यवृत्तीत भाडं आणि जेवण दोन्ही भागतं. खोली उबदार आहे, तूरडाळ मिळते, आणि आई, रात्री मी गरमच जेवते. अगदी खरं.

बाबा, "नाचाचं संगीत शिकायला इतक्या लांब कशाला?" असं तुम्ही विचारलं होतंत. बाख या जर्मन संगीतकाराने एकट्या चेलोसाठी सहा सुईट, म्हणजे नाचांच्या चालींवरच्या रचनांच्या मालिका, लिहिले, बहुधा 1720 च्या आसपास, इथून जवळच्याच कोथेनच्या दरबारात असताना. आधी प्रेल्यूड, मग अलमांद, कुरांत, सराबांद, त्यानंतर मिन्युएट, बूरे किंवा गावोतची जोडी आणि शेवटी जीग. पहिलं प्रेल्यूड सोडलं तर नावं नाचांची, पण हे सुईट नाचण्यासाठी नाहीत, ऐकण्यासाठी आहेत. नाचाची फक्त चाल उरलीय. सराबांद तर स्पेनमध्ये इतकी सवंग मानायचे की 1583 मध्ये तिच्यावर बंदी आली होती. बाखकडे येईपर्यंत ती संथ, भारदस्त झाली. तीन मात्रा, आणि वजन बहुतेकदा दुसरीवर. तुमची बोटं मांडीवर पहिल्या मात्रेला सम धरतील, आणि सूर पुढच्या मात्रेवर जाऊन टेकेल. त्या टेकण्यासाठीच मी थांबतेय.

पाचव्या सुईटसाठी चेलोची सगळ्यात वरची तार एक स्वर खाली उतरवतात. आपण रागाप्रमाणे तंबोऱ्याची पंचमाची तार मध्यमाला लावतो ना, तसंच. अख्खं वाद्य गडद बोलायला लागतं. त्यातल्या सराबांदमध्ये एकही जोडसूर नाही, नुसती एकेरी सुरावट. लपायला जागाच नाही. आतड्याच्या तारा, हलका गज, सूर उमटला की लगेच विरायला लागतो. हे व्हिडिओ बघून जमत नाही. समोर बसल्याशिवाय हात बसत नाही, हे मला तुम्हीच शिकवलंत.

ते आठवतं आणि घशात येतं. पावसात माझी व्हायोलिनची पेटी रेनकोटाच्या आत धरून तुम्ही स्वतः भिजायचात. आई, तू क्लासच्या जिन्यात बसून माझे गणवेश उसवायचीस, शिवायचीस. मोठ्या मावशी काय म्हणतील ते म्हणोत. मी तुम्हाला सोडून दिलेलं नाही.

डिसेंबरचं तिकीट काढलंय, महिनाभर राहीन. बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन तेव्हाच ठेवा, थेंब मी घालीन. तोवर संध्याकाळनंतर स्कूटर चालवायची नाही. आई, साखरेची तपासणी पुढे ढकलू नकोस, आणि शेजारच्या काकूंना घराची जादा किल्ली आजच देऊन ठेव. रागावला असाल तर रागवा, पण रविवारी फोन उचला. सराबांद वाजवून दाखवते, चारेक मिनिटांची आहे. बाबा, त्याआधी बीपीची गोळी घेतलेली असू दे.

तुमची,
छकुली