हिरव्या वहीतला पाचवा डाव

चि. सौ. बाई हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू बोलता बोलता एक वाक्य बोलून गेलीस, तेवढ्यात चिमणी रडायला लागली आणि फोन ठेवलास. अमरावतीला दिवाळीनंतर बुद्धिबळाची स्पर्धा आहे, खेळतेस का असं तुला कुणीतरी विचारलं, आणि तू म्हणालीस, "आता काय बाबा, वय गेलं माझं." तू पंचवीस वर्षांची आहेस. तेव्हा मला काही सुचलं नाही. रात्री झोप लागेना म्हणून हे पत्र लिहायला बसलो. फोनवरचं बोलणं अर्धवट राहतं, आणि मला जे सांगायचं आहे ते आधीच आठ-नऊ वर्षं मनात राहिलं आहे.

यंदा, २०२५ साली, २८ जुलैला पहिला श्रावण सोमवार होता. आईचा उपास. वावरात चिखल, डवरा चालण्यासारखा नव्हता, म्हणून मी घरीच होतो. दुपारनंतर शेजारचं अकरावीतलं पोरगं मोबाईल घेऊन आलं. म्हणे, "काका, नागपूरची दिव्या फायनलमध्ये आहे, चला पाहू." नेटवर्क तुला माहीतच आहे, गच्चीवर टाकीजवळ गेल्याशिवाय येत नाही. भुरभुर पाऊस सुरू होता. पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन आम्ही दोघं तिथं बसलो.

जॉर्जिया देशात बाटुमी म्हणून गाव आहे, तिथं महिलांचा विश्वचषक होता. अंतिम फेरीत दोघीही भारतातल्या: दिव्या देशमुख, एकोणीस वर्षांची, आणि कोनेरू हम्पी, अडतीस वर्षांची. मोठ्या वेळेचे दोन डाव बरोबरीत सुटले होते, त्या दिवशी जलद डाव होते. त्यातला पहिलाही बरोबरीत गेला. दुसऱ्यात दिव्याकडे काळे मोहरे होते, आणि तो डाव तिनं जिंकला. हम्पीचा वेळ संपत आला होता आणि हातून चूक झाली. दिव्या आईच्या गळ्यात पडून रडली. त्या एका विजयानं ती थेट ग्रँडमास्टर झाली, म्हणजे बुद्धिबळातला सगळ्यात मोठा किताब, भारतातली अठ्ठ्याऐंशीवी, आणि बायकांमध्ये चौथी. पोरगं गच्चीवर नाचायला लागलं. मलाही फार आनंद झाला. आपल्या नागपूरची पोर आहे, का नाही होणार?

पण बाई, माझं लक्ष सारखं हम्पीकडे जात होतं. तू नऊ वर्षांची असताना तुला शाळेतल्या गुरुजींनी पट मांडायला शिकवला. त्यानंतर पेपरात आलेला हम्पीचा फोटो कापून तू दाराच्या मागं चिकटवला होतास. तो फोटो भिंत रंगवताना गेला. त्या दिवशी मोबाईलमध्ये तोच चेहरा मी इतक्या वर्षांनी पाहिला. केस तसेच मागे बांधलेले, मान तशीच खाली. मी मनात हिशेब केला. २००२ साली ती ग्रँडमास्टर झाली तेव्हा तिचं वय होतं पंधरा वर्षं, एक महिना, सत्तावीस दिवस. तोवर जगातली कोणतीही मुलगी एवढ्या लहान वयात ग्रँडमास्टर झाली नव्हती. त्या वर्षी तू दोन वर्षांची होतीस, आणि दिव्याचा जन्मही झालेला नव्हता. आणि तीच बाई तेवीस वर्षांनी विश्वचषकाच्या अंतिम फेरीत, आपल्याहून अर्ध्या वयाच्या पोरीसमोर बसली होती.

त्यानंतर मी तिच्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो. पोरगं शोधून द्यायचं आणि मी वाचायचो. तुला बरंचसं माहीत असेल, तरी लिहितो, कारण तू जिथं सोडलंस त्याच्या पुढचं कदाचित तू पाहिलंच नसशील.

ती आंध्रातल्या गुडिवाड्याची. वडील अशोक, स्वतः खेळाडू. मुलीला शिकवायचं म्हणून त्यांनी नोकरी सोडली. हे वाचलं तेव्हा मी मोबाईल बाजूला ठेवला. मला ते जमलं नसतं. शेतीचा राजीनामा देता येत नाही, आणि घरात पाच तोंडं होती. जमण्यासारखं असतं तरी मी तसं करायला हवं होतं का, हे मला आजही सांगता येणार नाही. पण नोकरी सोडणं आणि मी वागलो तसं वागणं, या दोन्हींच्या मधेही बरीच जागा होती. ती मला तेव्हा दिसली नाही.

लहानपणी ती दहा, बारा, चौदा वर्षांखालच्या मुलींची जगज्जेती झाली, २००१ साली ज्युनिअर मुलींचीही. २००७ मध्ये तिचं रेटिंग, म्हणजे खेळाची ताकद मोजायचा आकडा, २६०० च्या वर गेलं. तोवर तेवढ्या उंचीवर जगात फक्त हंगेरीची युदित पोल्गार ही एकच बाई पोचली होती. लोकांना वाटलं, आता ही जगज्जेती होणारच. तशी ती झाली नाही. २००४, २००८, २०१०, तीनदा जागतिक अजिंक्यपदाच्या उपांत्य फेरीत हरली. २०११ ला तिराना इथं चीनच्या हू यिफानसमोर थेट अजिंक्यपदाचा सामना मिळाला, तर आठ डावांत पाच बरोबरी आणि तीन पराभव, एकही विजय नाही. मी हे दोनदा वाचलं. एवढं हरूनही माणूस पुन्हा पट मांडतं, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. आपल्या गावात पेपरात नाव जिंकल्यावरच येतं.

२०१४ ला तिचं लग्न झालं, २०१७ ला मुलगी झाली. दोनेक वर्षं ती खेळलीच नाही. २०१८ ला बुद्धिबळाच्या ऑलिम्पियाडमध्ये, देशादेशांच्या संघांच्या स्पर्धेत, परतली, तेही याच बाटुमीत. आणि मूल दोन वर्षांचं असताना, २०१९ च्या डिसेंबरात मॉस्कोला, जलद बुद्धिबळात जगज्जेती झाली. बत्तीसाव्या वर्षी. चीनच्या लेई टिंगजीबरोबर जादा डाव खेळावे लागले. पहिला हरली, दुसरा जिंकली, तिसऱ्यात बरोबरी पुरेशी होती, ती तिनं मिळवली.

पुढे पुन्हा वाईट काळ आला. २०२४ मध्ये खेळ इतका बसेना की सोडून द्यावं असं तिच्या मनात येऊन गेलं. डिसेंबरात त्याच जागतिक जलद स्पर्धेसाठी न्यूयॉर्कला गेली आणि पहिलीच फेरी हरली. पहिलीच! अकरा फेऱ्यांच्या स्पर्धेत. तू पहिली फेरी हरलीस की जेवत नव्हतीस, आठवतं? तीच स्पर्धा तिनं साडेआठ गुणांनी जिंकली. सदतिसाव्या वर्षी दुसऱ्यांदा जगज्जेती. त्यानंतर बोलताना तिनं सांगितलं की मी प्रवासात असते तेव्हा माझे आईवडील मुलीला सांभाळतात, नवऱ्याचाही आधार आहे.

हे वाक्य मी आईला वाचून दाखवलं. ती दाण्याचा कूट करत होती. हात थांबला. म्हणाली, "मग आपण काय करतो?"

आता जे सांगायचं आहे ते सांगतो.

तुझी पेटी मी ऑगस्टमध्ये उघडली. उंदरांनी एक कोपरा खाल्ला आहे, पण पट शाबूत आहे. एक काळा उंट नाही. त्याच्या जागी तू पूर्वी बाटलीचं झाकण ठेवायचीस, ते तसंच आहे. खाली तुझ्या डाव लिहायच्या वह्या. खेळ्या वाचायला तूच मला शिकवलं होतंस, अक्षर म्हणजे उभी पट्टी आणि आकडा म्हणजे आडवी. रोज संध्याकाळी दिवाबत्तीनंतर मी एक एक डाव मांडायला लागलो. पहिल्यांदा फार चुकायचं, आता येतं. अशा रीतीनं हिरव्या वहीतल्या पाचव्या डावापर्यंत आलो.

२०१६. यवतमाळची जिल्हा निवड, शेवटची फेरी. तुझ्याकडे पांढरे मोहरे. चौतिसाव्या खेळीवर तू लिहिलं आहेस, बरोबरी, आणि खाली पेन्सिलीनं लहान अक्षरात एक आकडा, ५.४०. मला वाटलं ही खेळीच आहे. मग लक्षात आलं, वेळ आहे. पाच चाळीस.

शेवटची स्थिती मी पटावर मांडली. तुझं डाव्या कडेचं प्यादं सहाव्या घरात, तुझा हत्ती त्याच्या मागं पहिल्या घरात, आणि तिचा हत्ती प्याद्याच्या पुढं अडकून पडलेला, हलला की प्याद्याचा वजीर. तिचा राजा दुसऱ्याच टोकाला. तुला फक्त आपला राजा एक एक घर चालवत तिकडं न्यायचा होता. पोरानं मोबाईलवर ती स्थिती टाकली आणि म्हणालं, "काका, इथं पांढऱ्याची सरळ जीत आहे. वेळ लागेल, पण जीत आहे."

वेळ लागेल. सहाला आपली मुक्कामी गाडी होती. मी हॉलच्या दारात उभा होतो. मी तुला मनगटावरचं घड्याळ दाखवलं होतं, बाई. एकदा नाही, दोनदा. मला ते दार, तो जाळीचा पडदा, सगळं आठवतं. तू माझ्याकडे पाहिलंस, मग पटाकडे पाहिलंस, आणि हात पुढं केलास. गाडीत मी विचारलं, काय झालं? तू म्हणालीस, "बरोबरी झाली बाबा." आणि मी तुला चिवड्याची पुडी दिली. राज्यासाठी दोघी निवडायच्या होत्या, तू अर्ध्या गुणानं तिसरी आलीस. तो अर्धा गुण मी दारात उभा राहून घालवला, आणि इतक्या वर्षांत तू एकदाही बोलली नाहीस.

पुढच्या वर्षीचं तर तुला माहीतच आहे. २०१७, गुलाबी बोंडअळीचं साल. पऱ्हाटी उभी दिसायची आणि बोंड फोडलं की आत किडा. फवारणीनं आपल्या जिल्ह्यात किती माणसं दवाखान्यात गेली, किती परतली नाहीत. त्या दिवसांत तू पुण्याच्या स्पर्धेसाठी पैसे मागितलेस आणि मी म्हणालो, पुढच्या वर्षी पाहू. त्या नकाराचं मला तेवढं दुःख नाही, कारण पैसे खरंच नव्हते. पण नंतरच्या वर्षी कापूस बरा झाला, तेव्हा तूही विचारलं नाहीस आणि मीही विषय काढला नाही. मला सुटल्यासारखं वाटलं होतं. हे लिहायला जड जातं आहे, पण खरं आहे.

तू ग्रँडमास्टर झाली असतीस, असं मी म्हणत नाही. त्याला एरवी २५०० रेटिंग लागतं, वर तीन नॉर्म, म्हणजे तगड्या स्पर्धांत ठरावीक दर्जाचा खेळ तीनदा, लागतात, आणि आपल्या जिल्ह्यात बसून ते किती अवघड आहे हे मला आता थोडंफार कळतं. जगात १९७८ मध्ये पहिल्यांदा एका बाईला, जॉर्जियाच्या नोना गाप्रिंदाश्विलीला, हा किताब मिळाला. आपल्या देशात २००२ ते २०११ हम्पी एकटीच होती, मग द्रोणावल्ली हरिका आली. मला तू किताबासाठी खेळायला नको आहेस. चौतिसाव्या खेळीला जो डाव माझ्यामुळं थांबला, तशा डावात तुला शेवटपर्यंत बसलेली पाहायचं आहे. जिंक, हर, काही होवो.

म्हणून एक ठरवलं आहे, पण तुझ्या होकाराशिवाय काही करणार नाही. यंदा सोयाबीन पावसानं काळं पडलं, पण कापसाचा पहिला वेचा दिवाळीपर्यंत होऊन जाईल. वावरातली सीतादहीची पूजा झाली की आई मोकळी. आम्ही दोघं अमरावतीला येतो. चिमणीला आम्ही सांभाळू; ती आईच्या मांडीवर झोपते, आणि जागी झाली तर मी तिला घेऊन बाहेर झाडाखाली फिरवीन. स्पर्धेची फी मी भरणार, त्यावर तू बोलू नको. जावईबापूंशी मी बोलेन, पण आधी तू सांग. सराव नाही म्हणशील, तर रोज रात्री चिमणी झोपल्यावर फोन कर. माझ्याकडं पट मांडलेला असतो, तू खेळी सांग, मी मांडतो. मी तुला त्रास देण्याइतका तरी खेळतो आता.

मुक्कामाला आईच्या मावसबहिणीकडं सोय होते, तिला विचारून ठेवलं आहे. दोन रात्री राहू, लागलं तर तीन. परतीच्या गाडीची वेळ मी काढलेली नाही.

चिमणीला दात येत आहेत म्हणालीस, तर आईनं ज्येष्ठमधाची कांडी घेऊन ठेवली आहे. काळा उंट यवतमाळला सुटा मिळत नाही. सगळा डबा घ्यावा लागतो, तो मी घेतला. झाकण मात्र पेटीतच ठेवलं आहे.

तुझे बाबा