दुरुस्ती छापताना उरलेले वाक्यही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बातमीत झालेल्या चुकीचा खुलासा करताना ‘बातमीतील अमुक भाग वगळून वाचावा’ एवढेच छापण्याची पद्धत वृत्तपत्रांत रूढ आहे. कधी कधी तेवढे पुरतेही. ‘अपघातात तिघे जखमी झाले आणि चालक पळून गेला’ यातून चालकाचा भाग काढला तरी जखमींची माहिती शाबूत राहते. ‘रस्ता पुन्हा खचला’ यातला ‘पुन्हा’ही सहज निघतो.

आता ‘पूल धोकादायक असल्याचे अभियंत्यांना माहीत होते’ हे वाक्य घ्या. पूल धोकादायक नव्हताच असे पुढे निष्पन्न झाले आणि तेवढाच भाग मागे घेतला, तर अभियंत्यांबद्दल काय उरते? त्यांचा तसा ठाम समज होता? तसा अहवाल त्यांच्या हाती आला होता? की नुसती शंका होती? ही तीन वेगळी विधाने आहेत आणि प्रत्येकाला वेगळा पुरावा लागतो. ‘माहीत होते’ म्हणताना पुलाची स्थिती आणि अभियंत्यांची समजूत एकजीव झालेली असते, म्हणून एक काढली की दुसरी आपोआप सुटी होत नाही. ‘मी हात वर केला’ यातून ‘हात वर गेला’ हे वजा केल्यास काय उरते, हा तत्त्वज्ञ विट्गेन्स्टाइनचा प्रश्न याच जातीचा.

‘अ’मधून (अभियंत्यांना धोका माहीत होता) ‘ब’ (पूल धोकादायक होता) वजा करायचा तर ‘ब असेल तर अ’ ही बाकी धरावी, असा सोपा तोडगा सुचतो. बातमीच्या बाबतीत तो कुचकामी ठरतो. ‘ब’ खोटे असले की तर्कशास्त्राच्या नियमाने हे जर-तर विधान आपोआप खरे होते, आणि दुरुस्ती तर ‘ब’ खोटे ठरल्यावरच छापतात. मग अभियंत्यांनी काहीही केलेले असो, बाकी खरीच! तत्त्वज्ञ स्टीफन याब्लो यांनी 2014 मध्ये मांडलेली अट मला म्हणूनच मोलाची वाटते: ही बाकी ‘ब’ खोटे आहे एवढ्याच जोरावर खरी ठरता कामा नये, तिच्यामागचे कारण ‘ब’ खरे असतानाही टिकणारे हवे.

सर्वोच्च न्यायालयाने 1957 साली चमारबागवाला खटल्यात कायद्याच्या अशाच वजाबाकीची कसोटी घालून दिली: अवैध भाग टिकणार नाही हे ठाऊक असते, तरी विधिमंडळाने उरलेला कायदा केला असता का? दोन्ही भाग एकमेकांत गुंतलेले असतील तर सगळाच कायदा रद्द. वृत्तसंपादकांनीही हाच प्रश्न विचारावा: चुकीचा भाग हाती नसता, तर उरलेली बातमी आपण छापली असती का? उत्तर ‘नाही’ असेल तर संपूर्ण बातमी मागे घ्यावी. ‘होय’ असेल तर कोणते वाक्य चुकले, खरे काय आहे आणि वृत्तपत्र अजूनही कोणत्या विधानावर कशाच्या आधारे ठाम आहे, हे तिन्ही पूर्ण वाक्यांत छापावे.

आपला,
तर्कशास्त्राचा एक अध्यापक, सातारा