फवारणीचा धंदा जरूर करा, पण टाकी दोन ठेवा

संपादक साहेब, स.न.

आमची जिंतूर तालुक्यात साडेचार एकर, सोयाबीन कापूस. तेवढ्यावर भागंना म्हणून ट्रॅक्टरवर एचटीपी पंप, म्हणजे जास्त दाबाचा फवारणी पंप, अन् 500 लिटरची टाकी बसवून दोन वर्षांपासून भाड्यानं फवारणी करतोय. गडी मिळत नाही, त्यामुळं कामाला तोटा नाही. पण पहिल्याच साली एकाच्या उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारलं, टाकी नुसती पाण्यानं खळबळली अन् दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकांच्या कपाशीत शिरलो, आठ दिवसात पानं भेंडीसारखी निमुळती होऊन गेली. काका काही बोलले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. भरपाई दिली, तवापासून तणनाशकाची टाकी, पाइप, नोझल सगळं वेगळं.

आता पोरं ड्रोनच्या मागं लागलीत. पाठीवरच्या पंपानं एकराला दीडदोनशे लिटर पाणी लागतं, ड्रोनचं 10 लिटरात होतं, भारी आहेच. महिला बचत गटांना ड्रोनच्या किमतीच्या 80 टक्के, जास्तीत जास्त 8 लाखांपर्यंत अनुदान केंद्रानं 2023 साली जाहीर केलं. पण उडवायला डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याच्या मान्यतेचं पायलट सर्टिफिकेट लागतं अन् वारं सुटलं की औषध शेजाऱ्याच्या बांधावर. यवतमाळला 2017 साली फवारणीच्या विषबाधेनं किती शेतकरी गेले, अन् आमच्याकडं अजून तोंडाला रुमाल बांधला की झालं!

उधारीचं तर विचारूच नका, सोयाबीन विकल्यावर देतो म्हणतात अन् भाव पडलेला.

कृषी विभागानं भाड्यानं फवारणाऱ्यांसाठी पेरणीआधी तालुक्याला एक दिवसाचं ट्रेनिंग ठेवावं, एवढं छापा.

एक शेतकरी, जि. परभणी